गुरगुरीचे प्राथमिक धडे (ग्वाल्हेर आवृत्ती)

ही पुस्तिका निव्वळ नवशिक्यांसाठी आहे. नवशिका कोण, तर ज्याच्या घरी पिल्लू येऊन काही महिने झाले आहेत, ज्याची एक चप्पल सध्या दिवाणाखाली आहे, आणि दिवाणाखालचा आवाज ऐकून ज्याला प्रथमच कळलं आहे की ती चप्पल आता आपली राहिलेली नाही. कुत्रा नवशिका नसतो. त्याला या विषयातलं सगळं उपजत येतं. तेव्हा धडे माणसांनी गिरवायचे, कुत्र्याने परीक्षक म्हणून हजर राहायचं.

पूर्वतयारी

घर ग्वाल्हेरच्या लश्कर भागातलं धरू. चिटणीस की गोठ, दाना ओली, फालके बाजार, कुठलंही चालेल. घरात आजी, काका, वहिनी, दोन मुलं, आणि नोकरीपायी नोएडाला राहून शनिवार-रविवारी कुत्र्याला शिस्त लावायला येणारा दादा. कुत्रा विकतचा लॅब्रॅडॉर असो की गल्लीतून उचलून आणलेला, या विषयात घराण्याचा फारसा संबंध येत नाही. नाव शेरू ठेवू. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत आपसांत मराठी आणि कुत्र्याशी हिंदी बोलायची रीत आहे. का, असं विचारलं तर आजी म्हणतात, "अरे, त्याला मराठी कुठं येतं?"

साहित्य: उकडलेलं चिकन, नाहीतर पनीर, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून. एकसारखे दोन चेंडू. आणि काकांना दुसऱ्या खोलीत बसवून ठेवता येईल असं एखादं काम.

पहिला धडा: गुरगुरणारा कुत्रा कसा तयार करावा

हा धडा बहुतेक घरांत न शिकवता पाठ असतो, तरी पद्धत नोंदवून ठेवू.

शेरू जेवायला बसला की त्याच्या भांड्यात हात घालावा. भूक लागली म्हणून नव्हे, मालक कोण ते त्याला कळावं म्हणून. भात चिवडावा, भांडं अर्ध्यावर उचलावं, मनात आलं तर परत द्यावं, फोन आला तर विसरून जावं. शेरूने कुठून हाड पैदा केलं की झाडू घेऊन सगळ्या घराने त्याच्यामागे धावावं. मुलांनी "पकडो, पकडो" असं ओरडत जिन्याची वाट अडवावी. हाड हिसकावून घेतल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत गच्चीवरून फेकून द्यावं. आणि तो पहिल्यांदा गुरगुरेल तेव्हा नाकावर वर्तमानपत्राची सुरळी मारून म्हणावं, "हमको आँख दिखाता है?"

हे नेमाने केलं की थोड्याच दिवसांत शेरू माणसाची चाहूल लागताच भांड्यावर मान टाकून उभा राहू लागतो. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये कुत्री पाळणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात हेच दिसलं होतं. जेवता जेवता ज्यांचं भांडं काढून घेतलं जात होतं, त्या कुत्र्यांत अन्नावरून चिडण्याचं प्रमाण आणि जोर जास्त होता. जेवताना ज्यांच्या भांड्यात वरून काहीतरी चविष्ट पडत होतं, त्यांच्यात कमी. म्हणजे काकांची पद्धत काम करते. फक्त उलटं.

काकांचा सिद्धांत कुठून आला तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. "कुत्रा लांडग्याच्या वंशातला, कळपात एक म्होरक्या असतो, तो तुम्ही नाही झालात तर शेरू होईल," असं ते सांगतात. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून 1947 मध्ये निबंध लिहिला, तिथपर्यंत याचं मूळ जातं. ते लांडगे एका कुंपणात कोंडलेले होते. पुढे डेव्हिड मेच यांच्या 1970 च्या लांडग्यांवरच्या पुस्तकामुळे ही म्होरक्याची कल्पना घरोघर पोचली. मग मेच यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये स्वतःच लिहून टाकलं की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठी हाणामाऱ्या चाललेल्या नसतात. बातमी जुनी आहे, लश्करात अजून पोचायची आहे.

दुसरा धडा: भांड्याशेजारचं वाचन

यासाठी हात लागत नाही, डोळे लागतात. शेरू जेवत असताना भिंतीला टेकून, लांब उभं राहावं.

कुत्रा निर्धास्त जेवतो तेव्हा त्याचं अंग सैल असतं. शेपटी आपल्या मर्जीने हलते, मधूनच तो मान वर करून जिभेने नाक पुसतो, पुन्हा खाली जातो. आता वहिनी दुधाचं पातेलं घेऊन दोन पावलं त्याच्याकडे येतात. शेरूचा वेग वाढतो. चावणं बंद, नुसतं गिळणं सुरू. आणखी एक पाऊल. आता गिळणंही थांबतं. तोंड भांड्यातच आहे, पण जबडा हलत नाही, शेपटी हलत नाही, मानेपासून कमरेपर्यंत सगळं लाकूड. मान न वळवता तो फक्त डोळे वळवतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी चंद्रकोर दिसते. इथे वहिनींनी थांबावं आणि उलट्या पावली जावं. यापुढची पायरी म्हणजे वर उचललेला ओठ. त्यापुढे गुरगुर, मग हवेतला चावा, मग हातावरचा.

घरातल्यांना यातली फक्त गुरगुर ऐकू येते आणि "अचानकच अंगावर आला हो!" असं ते डॉक्टरांना सांगतात. अचानक काही नसतं. गुरगुर ही रीतसर बजावलेली नोटीस आहे. तिच्याबद्दल मार दिला तर पुढच्या वेळी कुत्रा नोटीस बजावत नाही, थेट जप्तीला येतो. म्हणून गुरगुर ऐकली की रागवायचं नाही, समजूत घालायची नाही, आपण मागे व्हायचं. दादाला यात हार वाटते. वाटू द्यावी, तो रविवारी रात्रीच्या गाडीने जातोच.

एक गोष्ट मात्र थट्टेत घ्यायची नाही. आजवर भांड्यावरून कधी न चिडलेला जाणता कुत्रा अलीकडेच चिडू लागला असेल, तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावं. दात दुखणं, कान दुखणं, कंबरेचं दुखणं, पोटातले जंत, सगळं यामागे असू शकतं. खाज थांबवायला स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही भूक भयंकर वाढते. दुखण्यावर शिस्तीचा इलाज होत नाही.

तिसरा धडा: जयविलासची आगगाडी

ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्याची इथे सोय अशी की या विषयातलं सर्वोत्तम यंत्र गावातच आहे. शिंद्यांचा जयविलास पॅलेस 1874 सालचा. त्याच्या भोजनगृहातल्या लांबलचक टेबलावर रूळ आहेत आणि रुळांवर चांदीची छोटी आगगाडी. जेवण झालं की ती ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांपुढून फिरायची. पाहुण्याने काचेची सुरई उचलली की गाडी थांबायची, सुरई जागेवर ठेवली की पुढे निघायची. बाहेरगावचे पाहुणे ती बघून चांदीचं वजन विचारतात. विचारायला हवं ते वेगळंच: मेजवानीतला एकही सरदार सुरई छातीशी धरून शेजाऱ्यावर का गुरगुरला नसेल?

कारण गाडी फिरून परत येणार हे त्याला ठाऊक होतं. सुरई खाली ठेवणं म्हणजे ती गमावणं नव्हे. माधवराव महाराज थट्टेखोर होते आणि एखाद्या पाहुण्याची फिरकी घ्यायची असली की त्याच्यासमोरून गाडी न थांबवता सुसाट सोडायचे, असं सांगतात. त्या पाहुण्याच्या मनाचं काय झालं असेल ते काकांच्या हाताखाली जेवणाऱ्या शेरूला नीट कळेल. त्याच्या घरात गाडी कधी येते, कधी येत नाही, आणि हातात आलेली सुरईसुद्धा कोणीतरी काढून नेतो.

शेरूला राज्य नको आहे. त्याला खात्री हवी आहे. या पुस्तिकेत शिकवण्यासारखं एवढंच आहे, पुढचे धडे त्याच्या तपशिलाचे.

चौथा धडा: प्रत्यक्ष कृती

सर्वांत आधी शेरूला जेवायला निवांत कोपरा द्यावा, जिथून कोणी ये-जा करत नाही असा. मुलांना त्या वेळी तिथे बंदी. घरात दुसरं कुत्रं असेल तर मधे दार बंद. पुष्कळ घरांत एवढ्यावरच काम भागतं, आणि भागलं तर पुढे जायची हौस करू नये.

पुढे जायचंच असेल तर शेरू जेवत असताना त्याचं अंग सैल राहील इतक्या लांबून जावं. दहा फूट लागले तर दहा. जाता जाता पनीरचा तुकडा भांड्याच्या दिशेने टाकावा आणि न थांबता निघून जावं. बोलू नये, थांबून कौतुक करू नये, फोटो काढू नये. असं रोज काही वेळा. काही दिवसांनी तुमची चाहूल लागताच शेरू भांड्यातून मान वर काढून तुमच्याकडे बघू लागेल, शेपटी हलवत. त्याचा हिशेब बदलला. माणूस जवळ येतो तेव्हा काही जात नाही, काही येतं. मग एक पाऊल जवळून जावं. पुन्हा काही दिवस. आठवडे लागतात. मधेच अंग ताठ दिसलं तर आपण घाई केली असं समजून दोन पावलं मागे यावं. भांड्याशी वाकणं, हात जवळ नेणं, भांडं उचलून त्यात चांगलंचुंगलं घालून लगेच परत देणं, हे सगळं नंतरचं, आणि घरातल्या प्रत्येकाने वेगळं करायचं. वहिनींना मिळालेली सवलत काकांना आपोआप लागू होत नाही.

मराठी माणसाला खरं तर यात नवीन काही सांगायला नको. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली तेव्हा नामदेव त्याच्यामागे धावले, पण तुपाची वाटी घेऊन, कोरडी खाऊ नकोस म्हणत. लहानपणी ही गोष्ट आपण भूतदया म्हणून ऐकली. श्वानशास्त्राच्या अंगाने पाहिलं तरी ती निर्दोष आहे. खाणाऱ्याकडे जाताना हातात आणखी काहीतरी असलं पाहिजे. एकच दुरुस्ती सुचवावीशी वाटते, धावू नये.

आता खेळणी. दोन सारखे चेंडू घ्यावेत. एक शेरूच्या तोंडात, दुसरा आपल्या हातात, आणि हातातला चेंडू जगातली सर्वांत मजेदार वस्तू असल्यासारखा नाचवावा. शेरू पहिला टाकेल. तो टाकत असताना, आधी नाही, "छोड" म्हणावं आणि दुसरा फेकावा. चावायच्या खेळण्याचं असंच, फक्त बदल्यात चिकनचा तुकडा द्यावा, आणि तो खाऊन झाला की खेळणंसुद्धा परत द्यावं. इथे नवशिक्याचा हात अडखळतो. परतच द्यायचं तर घेतलं कशाला? परत मिळतं हे शिकवायलाच घेतलं. 1858 नंतर ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर इंग्रजांची फौज होती. 1886 मध्ये किल्ला शिंद्यांना परत मिळाला, बदल्यात झाशी गेली ती गेलीच. असल्या सौद्याने कुत्रा शहाणा होत नाही, सावध होतो.

शब्द एकच ठरवावा. आजी "सोड रे", काका "छोड", दादा "लीव्ह इट" आणि मुलं "ड्रॉप" म्हणत असतील तर शेरू त्या चारही शब्दांना कुटुंबातला नेहमीचा गलका समजतो.

आपल्याच्याने हे होणार नाही असं वाटलं तर झाशी रस्त्याने तीसेक किलोमीटरवरच्या टेकनपूरची आठवण काढावी. सीमा सुरक्षा दलाच्या अकादमीत 1970 पासून कुत्र्यांच्या प्रशिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र आहे. स्फोटकांचा वास काढणाऱ्या कुत्र्याला देशभक्ती वगैरे ठाऊक नसते. बहुधा चेंडूसाठी तो जीव तोडून काम करतो, आणि काम झालं की चेंडू मिळणारच या भरवशावर हातातला सोडतो. अलीकडे दलात देशी जातीही आल्या आहेत. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाचं नाव लावणाऱ्या जातीची रिया नावाची कुत्री 2024 च्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये विदेशी जातींना मागे टाकून सर्वोत्तम श्वान ठरली. टेकनपुरात तुमच्या शेरूला प्रवेश मिळणार नाही. गावात शिकवणारा शोधलात तर त्याच्या हातात काय आहे ते आधी बघावं. काठी किंवा शॉकचा पट्टा असेल तर चहा पाजून निरोप द्यावा.

पाचवा धडा: सणवार

एरवी सुधारलेलं कुत्रं सणाला बिघडतं, कारण सणाला घरात मौल्यवान ऐवज जमिनीपासून कमी उंचीवर येतो.

चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातलं कुत्र्याला घालण्याची चाल आपल्याकडे आहे, देवाच्या पायाशी तोही असतो. रोडगा जरूर द्यावा, भरीत देऊ नये. त्यात कांद्याची पात आणि लसूण असतो, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दिवाळीच्या लाडवात बेदाणा असतो, तोही वर्ज्य, मूत्रपिंडावर जातो. चॉकलेटही नको. मटणाच्या रविवारी शिजवलेलं हाड देऊ नये, त्याच्या चिरफळ्या निघून आतडं फाटू शकतं. थंडीत गजकाचा डबा उघडा राहिला तर विष नाही, पण पोट धरून रात्र काढावी लागेल, शेरूला नि पर्यायाने वहिनींना.

यांपैकी काही त्याने उचललंच, तर हिसकायला जाऊ नये. हिसकायला गेलं की तो गिळतो, आणि मग वाद कायमचा मिटतो. मूठभर चिकन किंवा पनीर त्याच्यापासून लांब, जमिनीवर भुरभुरावं. तो तिकडे टिपत बसला की मधे दार लावावं आणि मग ऐवज उचलावा. ही युक्ती रोज वापरू नये, पण घरातल्या प्रत्येकाला यायला हवी. गॅसचा सिलिंडर बंद करता येतो तशी.

ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातून पाहुण्यांनी आणलेलं, पिळलं की शिट्टी वाजणारं खेळणं पहिल्या दिवशी मुलांसमोर देऊ नये. नवं खेळणं, नवी मुलं, नवा आवाज, हे एका संध्याकाळी फार होतं.

सहावा धडा: चावलाच तर

हा धडा छोटा आहे आणि यात विनोद नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी. घड्याळ लावून, कारण माणसं दोन मिनिटांत थांबतात. हळद, तिखट, चुना, तेल, काही लावू नये. त्याच दिवशी जयारोग्य रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जावं. रेबीजच्या लशीचे सगळे डोस पुरे करावेत, कातडी फाटून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दलही विचारावं. "घरचाच आहे, इंजेक्शन दिलेलं आहे" हे डॉक्टरांना सांगावं आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. घरात लहान मूल असेल आणि चाव्याने दात आत रुतला असेल, तर त्यानंतर ही पुस्तिका मिटून कुत्र्यांच्या वागण्याची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जावं.

वार्षिक परीक्षा

सगळं नीट झालं तर एके दिवशी काका पेपर वाचत बसले असताना शेरू त्यांची कोल्हापुरी तोंडात धरून येईल. गुरगुरणार नाही, दिवाणाखाली जाणार नाही. समोर बसेल, चप्पल त्यांच्या पायाशी ठेवेल आणि मोबदल्याची वाट बघेल. काका खूष होऊन पनीर देतील. दहा मिनिटांनी दुसरी चप्पल येईल. मग वहिनींची. मग शेजारच्यांची, जी आपल्या घरात कशी आली याचा खुलासा करायला जिना उतरून जावं लागेल.

घाबरू नये. अभ्यासक्रम पुरा झाल्याची ही खूण आहे, फक्त विद्यार्थी मास्तरांच्या पुढे गेला आहे. फालतू वस्तू आणली तर लक्ष देऊ नये, त्याच्या हक्काचं खेळणं आणलं तरच सौदा करावा, आणि चपला कपाटात ठेवून कपाटाचं दार लावावं. हे शेवटचं घरातल्या माणसांना शिकवायचं आहे. त्यासाठी किती पनीर लागेल ते काकांवर अवलंबून आहे.